शब्द पाठ, तरी वर्बल 145 : नागपूरमधल्या एका जीआरई तयारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी पंचविशीतली, सिव्हिल इंजिनिअर. दहावीपर्यंत उमरेड तालुक्यात मराठी माध्यमात शिकली. पुढचं सगळं शिक्षण नागपुरात झालं. नोकरी मिहानमधल्या एका डिझाइन कन्सल्टन्सीत आणि राहणं इंदोऱ्याला, त्यामुळे रोज इंदोरा चौक ते खापरी असा मेट्रोचा प्रवास. जलसंपदा विषयात अमेरिकेत एमएस करायचं तिने ठरवलं होतं. यादीतल्या पाच विद्यापीठांपैकी तीन ठिकाणी जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा सक्तीची होती, दोन ठिकाणी ऐच्छिक. अर्जांची मुदत डिसेंबरच्या मध्यावर होती. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

सप्टेंबर 2023 पासून जीआरई बरीच छोटी झाली आहे. एकूण वेळ 1 तास 58 मिनिटं. सुरुवातीला 30 मिनिटांचा निबंध, मग वर्बल (इंग्रजी शब्द आणि वाचन) आणि क्वांट (गणित) यांचे दोन-दोन विभाग. वर्बलच्या पहिल्या विभागात 12 प्रश्नांना 18 मिनिटं, दुसऱ्यात 15 प्रश्नांना 23 मिनिटं. वर्बल आणि क्वांटचे गुण प्रत्येकी 130 ते 170 या पट्टीवर मिळतात आणि जगभरातल्या परीक्षार्थींची वर्बलची सरासरी 151 च्या आसपास असते. पहिला विभाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्या 18 मिनिटांतली हलगर्जी महागात पडते.

जानेवारीत तिने फोनवर फ्लॅशकार्डचं अ‍ॅप घेतलं आणि मेट्रोत जाता-येता शब्द पाठ करायला सुरुवात केली. एप्रिलच्या शेवटची तारीख घेऊन फी भरून टाकली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हजाराच्या आसपास कार्डं झाली होती.

अडचण

जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेपच्या दोन सराव परीक्षा फुकट मिळतात. त्यातली पहिली तिने एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिली. क्वांट 164 आले, वर्बल 145. दुसऱ्या विभागातले शेवटचे तीन प्रश्न तिने कोरेच सोडले होते. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं सोडण्याला काहीच अर्थ नव्हता. पण तिला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. चुकलेल्या प्रश्नांमधले बहुतेक शब्द तिला येत होते.

कॉलेजमधल्या एका सीनियर ताईने आदल्या वर्षी ही परीक्षा दिली होती. तिने सीताबर्डीच्या एका अभ्यासिकेत शेजारी बसवून दहा प्रश्न मोठ्याने सोडवायला लावले आणि अर्ध्या तासात निदान केलं : “तू वाक्य नाही, शब्द वाचून राहिली.”

यातला एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये गाळलेल्या जागी योग्य शब्द निवडायचा असतो. एका वाक्याचा आशय असा होता : ‘समितीचा अहवाल वरवर पाहता ____ वाटत असला, तरी त्यातली एकूण एक शिफारस आधीच्या धोरणाला धरूनच आहे.’ पर्याय होते रॅडिकल, थरो, टीडियस, बॅलन्स्ड आणि डिरिव्हेटिव्ह. तिने डिरिव्हेटिव्ह निवडलं. कारण विचारल्यावर म्हणाली, शिफारशी जुन्याच आहेत, म्हणजे अहवाल उसना. वाक्याच्या उत्तरार्धाशी तो शब्द अगदी नीट जुळतो, आणि म्हणूनच तो सापळा आहे. ‘असला, तरी’ने वाक्याला वळण दिलं आहे, तेव्हा रिकाम्या जागी उत्तरार्धाच्या उलटा शब्द हवा, म्हणजे रॅडिकल (आमूलाग्र बदल सुचवणारा). पाचही शब्दांचे अर्थ तिला पाठ होते. मात्र मूळ इंग्रजी वाक्यातल्या ‘ऑल्दो’ (जरी) या जोडणाऱ्या शब्दावरून डोळे नुसते पुढे घसरले होते.

मग तोवर सोडवलेल्या सगळ्या सरावातल्या चुका एका वहीत काढल्या. एकूण 61 निघाल्या. शब्दच माहीत नव्हता अशा 16. वाक्याची दिशा चुकली, किंवा कोण कुणाचं मत सांगतंय हे निसटलं अशा 21. उताऱ्यात नसलेली गोष्ट गृहीत धरलेल्या 15, आणि वेळ संपल्यामुळे गेलेल्या 9. तीन महिने ज्यावर खर्ची पडले ते शब्द जेमतेम चौथाई चुकांना जबाबदार होते. या वहीने पुढची सगळी दिशा ठरवली. आमच्या मते कोणत्याही तयारीत हीच वही पहिल्या आठवड्यात उघडायला हवी.

समोरचे पर्याय

परीक्षेला दोन आठवडे उरले होते. घरात आणि मैत्रिणींत मिळून पाच मार्ग चर्चेला आले.

पहिला, तारीख आहे तशी ठेवून परीक्षा देऊन टाकायची आणि गुण कमी आले तर पुन्हा बसायचं. 21 दिवसांच्या अंतराने परत बसता येतं, कोणत्याही सलग बारा महिन्यांत पाच वेळा, आणि कोणत्या वेळचे गुण विद्यापीठाला पाठवायचे तेही आपल्या हातात असतं. नियमांत बसणारा मार्ग, पण प्रत्येक खेपेला वीस हजार रुपयांच्या पुढे फी. शिवाय चुकीची सवय तशीच ठेवून पुन्हा बसलं तर गुणही साधारण तेच येणार. वडिलांचा कल मात्र याच बाजूला होता : पैसे भरले आहेत तर देऊन तर पाहा.

दुसरा, धरमपेठेतला शनिवार-रविवारचा क्रॅश कोर्स. तिने एक डेमो तास बसून पाहिला. तासभर शब्दांची यादी आणि ते लक्षात ठेवायच्या क्लृप्त्या, एवढंच झालं. तिच्या 61 चुकांपैकी 45 चुकांना त्याचा उपयोग नव्हता. तिसरा, वर्बल सोडून द्यायचं आणि क्वांट 168 पर्यंत न्यायचं, इंजिनिअरिंगच्या विभागांना तेच जास्त महत्त्वाचं असतं या हिशेबाने. हा विचार अगदीच चुकीचा नाही, पण संशोधनासह एमएसला जाणाऱ्या मुलीला पुढे दोन वर्षं इंग्रजी शोधनिबंधच वाचायचे होते. चौथा, फक्त ऐच्छिक असलेल्या दोन विद्यापीठांना अर्ज करायचा. तिच्या सगळ्यात आवडीचं संशोधन तिथे नव्हतं, म्हणून तो लगेच मागे पडला.

पाचवा, तारीख पुढे ढकलायची आणि पद्धत बदलायची. परीक्षेच्या किमान चार दिवस आधी शुल्क भरून तारीख बदलता येते. तिने जूनचा तिसरा आठवडा निवडला. त्यामुळे दहा आठवडे हातात आले, आणि गरज पडली तर पावसाळ्यात आणखी एकदा बसायलाही जागा उरली. हा निर्णय आम्हाला बरोबर वाटतो. नुसतं ‘अजून अभ्यास हवा’ म्हणून तारीख पुढे नेली असती तर तो वेळही फ्लॅशकार्डांतच गेला असता. इथे काय बदलायचं ते आधी वहीत लिहिलेलं होतं.

काय केलं

पहिले तीन आठवडे घड्याळ बाजूला ठेवलं. टेक्स्ट कम्प्लीशनसाठी एकच शिस्त : पर्यायांवर कागद ठेवून झाकायचे, वाक्य शेवटपर्यंत वाचायचं, वाक्य जोडणाऱ्या शब्दाखाली किंवा चिन्हाखाली रेघ मारायची (ऑल्दो, डिस्पाइट, सिन्स, इन्डीड, अर्धविराम, अपूर्णविराम), रिकाम्या जागी अधिक (चांगल्या अर्थाचा शब्द) की उणे (वाईट अर्थाचा) ते ठरवायचं आणि आपला शब्द लिहायचा. तो मराठीत असला तरी चालतो. ‘वेगळा’, ‘चिकट’, ‘उगाच मोठं करणारा’ असं काहीही. मगच कागद काढायचा. सुरुवातीला एका प्रश्नाला तीन-तीन मिनिटं लागायची, तेव्हा तिला वाटलं आपण मागे जातोय. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वेळ सव्वा मिनिटावर आला आणि नंतर मिनिटाच्या आतबाहेर.

दोन-तीन रिकाम्या जागा असलेल्या प्रश्नांत ती नेहमी पहिल्या जागेपासून सुरू करायची. तिथे बरेचदा काहीच सुगावा नसतो. पक्का सुगावा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेजवळ असेल तर तिथूनच उलटं यायचं. या प्रश्नांत अर्धे गुण नसतात, तीनपैकी दोन बरोबर आले तरी शून्यच. म्हणून शेवटी पूर्ण वाक्य आपल्या उत्तरांसह एकदा वाचणं सक्तीचं केलं. त्याला दहा सेकंदं लागतात.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून दोन निवडायचे, आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. तिची सवय होती समानार्थी जोडी शोधून ठोकून द्यायची. पण परीक्षक मुद्दाम वाक्यात न बसणारी एक सुबक जोडी ठेवतात. वाक्य सांगतं की वक्ता मोकळेपणाने बोलला, आणि पर्यायांत लॅकोनिक-टर्स (दोन्ही म्हणजे मोजकं बोलणारा) अशी जोडी बसलेली असते, तर खरं उत्तर कँडिड-फ्रँक. इथेही तोच नियम : आधी आपला शब्द, मग जोडी. उलट कधी एकच शब्द चपखल बसतो आणि त्याला जोडीदार सापडत नाही, तेव्हा तो एकटा शब्द सोडून द्यावा लागतो. हे तिला सगळ्यात जड गेलं.

साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात. तिथल्या चुकांमागे दोन कारणं होती. पहिलं, लेखकाचं मत आणि लेखकाने सांगितलेलं दुसऱ्याचं मत यांची सरमिसळ. ‘काही समीक्षक मानतात की...’ असं वाचून ती तेच लेखकाचं म्हणणं समजायची, आणि दोन वाक्यांनंतर लेखक ते खोडून काढायचा. उपाय म्हणून प्रत्येक परिच्छेदाला कच्च्या कागदावर चार-पाच शब्द लिहायचे, आणि त्यात बोलणारा कोण ते आधी : ‘जुने अभ्यासक : दुष्काळाने’, ‘लेखक : नाही, व्यापारमार्ग’. सविस्तर टिपणं काढायची नाहीत. दुसरं कारण तिचं स्वतःचं ज्ञान. भूजलावरचा उतारा आला की ती खूश व्हायची आणि हमखास चुकायची, कारण प्रत्यक्षात खरा असलेला पर्याय ती निवडायची, उताऱ्यात त्याचा उल्लेख असो वा नसो. नियम असा केला की निवडलेल्या पर्यायाला आधार देणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे, नाहीतर पर्याय बाद. ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘नेव्हर’ असे टोकाचे शब्द दिसले की दोनदा तपासायचं. तीनपैकी बरोबर असतील तितके निवडा, अशा प्रश्नात प्रत्येक विधान वेगळं तपासायचं. तिथे एकच बरोबर असू शकतं आणि तिन्हीही असू शकतात.

मेट्रोतला वेळ फ्लॅशकार्डांकडून काढून वाचनाला दिला. घरी ‘द हितवाद’ येत होताच आणि ती तो नेमाने वाचायची. रोजच्या इंग्रजी पेपराने भाषा रुळते, यात शंका नाही. पण बातमीची वाक्यं सरळ असतात, आणि जीआरईचं गद्य आधी दावा मांडतं, मग आक्षेप घेतं, मग अर्धं मान्य करून उरलेलं नाकारतं. त्यासाठी कलेचा इतिहास, जीवशास्त्र, समाजशास्त्र अशा तिच्या सवयीबाहेरच्या विषयांवरचे लांब निबंध लागतात. जाताना एक निबंध, येताना त्याच निबंधाचा सारांश मराठीत दोन वाक्यांत, मनातल्या मनात. तो जमला नाही तर निबंध कळलेला नाही असं धरायचं.

शब्द सोडले नाहीत, मात्र पद्धत बदलली. दिवसाला दहाच, तेही अर्थाच्या गटाने : कमी बोलणारे, मत पटकन बदलणारे, स्तुती करणारे, खोड काढणारे. प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य. आणि ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ वेगळ्या पानावर : क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, टेम्पर म्हणजे सौम्य करणं, चेक म्हणजे रोखणं, इकॉनॉमी म्हणजे काटकसर, पेडेस्ट्रियन म्हणजे नीरस, कॅथलिक म्हणजे व्यापक आवडीचा. हे पान सर्वांत फायद्याचं ठरलं, कारण असे शब्द आपण कधी तपासून बघतच नाही.

चौथ्या आठवड्यापासून घड्याळ आलं. पहिल्या विभागासाठी हिशेब : टेक्स्ट कम्प्लीशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचे प्रश्न मिळून सात-साडेसात मिनिटांत, उरलेला वेळ उताऱ्यांना. दोन मिनिटं झाली आणि उत्तर येत नसेल तर अंदाजाने पर्याय निवडायचा, खूण करायची आणि पुढे जायचं. विभाग संपेपर्यंत मागे येता येतं.

इथे मधेच तीन आठवडे वाया गेले. इंटरनेटवरच्या एका खासगी सराव परीक्षेचं वर्बल तिने मन लावून सोडवलं आणि त्यातल्या चुकांचंही वहीत विश्लेषण केलं. पण त्यातल्या अनेक प्रश्नांची दोन-दोन उत्तरं पटण्यासारखी होती आणि स्पष्टीकरणं ओढूनताणून दिलेली. चांगल्या प्रश्नात चुकीचा पर्याय का चुकीचा ते नेमकं दाखवता येतं. तसं दाखवता येत नसेल तर तो प्रश्न शिकवत नाही, गोंधळवतो. ताईने वही पाहिल्यावर ते पानच फाडायला लावलं आणि पुढचा सगळा सराव ईटीएसच्या अधिकृत प्रश्नांवर आणला.

घरून की केंद्रावरून

तिची पहिली पसंती घरून परीक्षा देण्याला होती. नियम वाचल्यावर अडचणी दिसायला लागल्या. खोलीत एकटं बसायचं, दुसरं कुणी आत आलं तर परीक्षा धोक्यात. कानात काही लावायचं नाही. साधा कागद चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक आवरणातला कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो. घरात आजी, दोन लहान भाचे आणि खोलीला धड कडी नाही. वर जून : पाऊस लांबला तर खिडकीतला कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या घरघरीत पर्यवेक्षकाचं बोलणं ऐकू येईल याची खात्री नाही. पाऊस आला तर पहिल्याच वादळात वीज जाते. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, राउटर चालेल की नाही ते तिने तपासलं तर तो त्या लाइनवर नव्हता.

तिने केंद्र निवडलं. तिची सगळी पद्धत कागदावर शब्द लिहिण्यावर उभी होती आणि केंद्रावर कच्चा कागद मिळतो, हेही एक कारण. घरून देणाऱ्याने महिनाभर आधीपासून व्हाइटबोर्डवरच सराव करावा. मार्करने लिहिताना जागा लवकर संपते आणि पुसण्यात सेकंदं जातात.

निकाल

परीक्षेच्या आठ दिवस आधी पॉवरप्रेपची दुसरी फुकट परीक्षा दिली : वर्बल 154, क्वांट 162. प्रत्यक्ष परीक्षेत पडद्यावर आलेले गुण वर्बल 152, क्वांट 161. आठ-दहा दिवसांनी अधिकृत निकाल आला, त्यात निबंधाला 3.5.

वर्बलमध्ये सात गुणांची वाढ झाली, पण ठरवलेलं 155 गाठलं गेलं नाही. क्वांटमध्ये तीन गुण गेले. पुन्हा बसायचं का, हा प्रश्न जुलैत आला. वर्बल सरासरीच्या वर होतं. पुढचे तीन-चार गुण मिळवायला पुन्हा दोन महिने लागले असते आणि तेच दोन महिने स्टेटमेंट ऑफ पर्पज (अर्जासोबतचं उद्देशपत्र) लिहायला आणि शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना गाठायला हवे होते. तिने थांबायचं ठरवलं. पाचही ठिकाणी अर्ज गेले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यातलं एक जीआरई सक्तीचं विद्यापीठ होतं. प्रवेशात वर्बलचा वाटा किती हे कुणी बाहेरून सांगू शकत नाही. मात्र स्टेटमेंटचा मसुदा तिने एकटीने लिहिला, आणि त्यात दावा, आक्षेप, उत्तर अशी मांडणी आपसूक आली होती.

वेगळं काय करता आलं असतं

पॉवरप्रेपची पहिली परीक्षा जानेवारीत, शब्द पाठ करण्याआधीच द्यायला हवी होती. ती पुन्हा देता येते, पण प्रश्न तेच असल्याने दुसऱ्यांदा येणाऱ्या गुणांना अर्थ राहत नाही. निदानासाठी ती एकदाच वापरता येते. जानेवारीत वापरली असती तर चुकांची वही तीन महिने आधी सुरू झाली असती आणि तारीख बदलण्याचं शुल्क वाचलं असतं.

क्वांटकडे दहा आठवडे पूर्ण पाठ फिरवणं टाळता आलं असतं. आठवड्याला दोन विभाग, म्हणजे 47 मिनिटं, एवढ्यावर 164 टिकून राहिले असते असं आम्हाला वाटतं. आत्मविश्वास असलेला विषयही सराव थांबला की गंजतो, विशेषतः वेळेच्या बाबतीत.

खासगी सराव परीक्षेत गेलेले तीन आठवडे वाचवायला एक साधी चाचणी पुरली असती : पहिल्या वीस प्रश्नांची स्पष्टीकरणं वाचून बघायची आणि चार-पाच ठिकाणी पटलं नाही की ते साहित्य बंद करायचं.

आणि शेवटच्या आठवड्यांतला सराव. तिने वर्बलचे विभाग सकाळी सहाला, ताज्या डोक्याने, सुटे सोडवले. प्रत्यक्षात 30 मिनिटांच्या निबंधानंतर वर्बल येऊ शकतं आणि मधे ठरलेली सुट्टी नसते. तिच्या सांगण्यानुसार पहिल्या विभागातला दुसरा उतारा तिला दोनदा वाचावा लागला, आणि तिथे गेलेली दोन मिनिटं शेवटपर्यंत भरून निघाली नाहीत. शेवटच्या चार रविवारी आधी निबंध टंकून, मग न उठता चारही विभाग, असा पूर्ण 1 तास 58 मिनिटांचा सराव ठेवला असता तर हे घरीच लक्षात आलं असतं.